घरी लहान मूल, पुढे पहिली परिषद: कसं जमवायचं

शोधनिबंध कसा लिहायचा, तळटिपा कशा द्यायच्या, याच्या कार्यशाळा आता गल्लोगल्ली होतात. घरात चौदा महिन्यांचं मूल असताना तो निबंध वाचायला तीनशे किलोमीटरवर कसं जायचं, याची कार्यशाळा मी तरी अजून पाहिलेली नाही. मी सोलापुरात इतिहास शिकवते. मुलगी झाल्यानंतरच्या पहिल्या परिषदेत करण्यासारख्या बहुतेक चुका मी केल्या. पुढच्या पाच-सहा परिषदांत त्यातल्या निम्म्या सुधारल्या. खाली लिहिलंय ते त्यातूनच आलेलं आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या किंवा पीएचडी करणाऱ्या आया डोळ्यांसमोर आहेत, पण बाबांनीही वाचायला हरकत नाही. परिषदेला आलेल्या पुरुष प्राध्यापकाला चहाच्या टेबलाशी "मुलाला कुणाकडे ठेवलंत?" असं कुणी विचारत नाही. मला दोन दिवसांत अकरा जणांनी विचारलं. मोजले मी.

पहिली पायरी: ही परिषद हवी आहे का?

नव्या माणसाला प्रत्येक परिषदेचं पत्रक आपल्यासाठीच छापलंय असं वाटतं. आधी हिशेब करा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत प्राध्यापकांच्या निवड-बढतीसाठी जो गुणतक्ता आहे, त्यात निबंधवाचनाला राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २, राष्ट्रीय पातळीवर ३, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५ आणि परदेशातल्या परिषदेला ७ गुण आहेत. तोच निबंध परिषदेच्या ग्रंथात पूर्ण छापून आला, तर गुण एकदाच मोजतात. म्हणजे फक्त प्रमाणपत्रासाठी घर दोन दिवस उलटंपालटं करणार असाल, तर तो सौदा तोट्याचा आहे.

मी आता दोनच कारणांनी जाते. एक, माझ्याच विषयावर काम करणारं माणूस तिथे येणार असेल आणि त्याच्याशी अर्धा तास निवांत बोलता येणार असेल. दोन, प्रबंधातलं एखादं प्रकरण अडलेलं असेल आणि त्याला चार जाणत्यांचा मार हवा असेल. आपल्या विषयाची जी मुख्य वार्षिक परिषद असते, ती या दोन्हींत बसते. आम्हा इतिहासवाल्यांची इंडियन हिस्टरी काँग्रेस, जिचं पहिलं अधिवेशन १९३५ मध्ये पुण्यात झालं. ती बहुधा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असते, आणि शाळांची स्नेहसंमेलनंही त्याच सुमारास येतात. मुलगी शाळेत जायला लागली की एखाद्या वर्षी ससा झालेली मुलगी आणि काँग्रेस यांतलं एक निवडावं लागतं. मी सशाला निवडलंय, एकदा काँग्रेसलाही निवडलंय. दोन्ही वेळा थोडं वाईट वाटलं.

दुसरी पायरी: तारखा घरच्या कॅलेंडरवर ठेवून बघा

आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च हा परिषदांचा हंगाम. अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवं, म्हणून सगळ्यांना एकदमच चर्चासत्रं सुचतात. बारावीच्या परीक्षाही तेव्हाच असतात, त्यामुळे घरात दुसरंही कुणी शिक्षक असेल तर दोघांचे पर्यवेक्षणाचे दिवस आधी विचारून घ्या. जानेवारीत आमच्याकडे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. त्या आठवड्यात सासूबाईंकडे पाहुण्यांचा राबता असतो, तेव्हा त्यांच्यावर नात सोपवून जाणं म्हणजे शुद्ध अन्याय.

लसीकरणाचं कार्डही काढा. गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर असते, बूस्टर डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. डोसनंतर एक-दोन दिवस अंग तापणं, कुरकूर होणं नेहमीचंच. डोस निघायच्या आदल्या दिवशी येत असेल, तर काही दिवस इकडेतिकडे करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नव्हतं. बसमध्ये बसल्यापासून दर स्टँडवर फोन करून ताप विचारत गेले.

तिसरी पायरी: दिवस नको, तास मोजा

या लेखातलं एवढं एकच वाचलंत तरी चालेल.

दोन दिवसांची परिषद म्हणजे कागदावर सोळा तास. त्यातलं पहिल्या सकाळचं उद्घाटन दहाला लिहिलेलं असतं आणि साडेअकराला सुरू होतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत असं करत दुपार होते. बीजभाषण चांगलं असेल तर तो एक तास सोडू नका. तुमचं सत्र दीड तासाचं, त्यात तुमच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं. जेवणाचा तास मात्र सोन्याचा, कारण ओळखी तिथेच होतात. तुमच्या विषयाचं आणखी एक सत्र धरा. बेरीज करा: पाच तास, फार तर साडेपाच.

कार्यक्रमपत्रिका हाती आली की पेनाने तेवढ्याच तासांभोवती गोल करा. मग घरचं बोलणं सोपं होतं. "दोन दिवस पोरीला सांभाळाल का?" हा प्रश्न ऐकणाऱ्याला डोंगराएवढा वाटतो. "शुक्रवारी पहाटे पाच ते शनिवारी रात्री दहा, त्यात शुक्रवारी दुपारी बारा ते चार माझा फोन बंद" असं म्हटलं की समोरचा माणूसही हिशेब करायला बसतो. आणि पत्रिका बघून जर असं दिसलं की तुमचे पाचही तास शनिवारीच आहेत, तर शुक्रवारचा मुक्काम कशाला? शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघा, शनिवारी रात्री परत. उद्घाटनाला नसलात म्हणून तुमची गैरहजेरी कुणाच्या लक्षात येत नाही. नव्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण तसंच आहे.

चौथी पायरी: घरी सोपवायचं म्हणजे सोपवायचं

मुलीला घरी ठेवून पहिल्यांदा गेले, तेव्हा मी चार पानी यादी लिहून ठेवली होती. भात किती शिजवायचा, वरणात हिंग किती, कुठली दुपटी कधी. कुणी वाचली नाही. नवऱ्याने तिसऱ्या तासाला फोन करून विचारलं, "ताप मोजायचं कुठंय?" ते यादीच्या तिसऱ्या पानावर होतं. आता फ्रिजवर एकच कागद असतो: बालरोगतज्ज्ञांचा नंबर, तापाच्या औषधाचा डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेला डोस, ओआरएसची पाकिटं कुठे आहेत (पाकिटावर लिहिलेलं असतं तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, अर्धं नाही), शेजारच्या काकूंचा नंबर आणि पाळणाघरातून कोण आणणार त्याचं नाव. बस. वरणातल्या हिंगाचं त्यांचं ते बघतील. दोन दिवस पोरगी बिस्किटं आणि केळी खाऊन राहिली तरी बिघडत नाही.

निघण्याआधी दोन आठवडे एक रंगीत तालीम करा. एक अख्खा दिवस आणि शक्य असेल तर एक रात्र घराबाहेर राहा, माहेरी जा, मैत्रिणीकडे जा. त्या रात्री जे अडेल तेच परिषदेच्या रात्री अडणार असतं. आमच्या तालमीत कळलं की मुलगी झोपताना माझ्या ओढणीचं टोक धरते आणि हे मलाच माहीत नव्हतं. ओढणी घरी ठेवून गेले.

सासूबाई "अगं जा की, आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का?" असं म्हणाल्या तर त्या होकाराला धरून चला, त्यात टोमणा शोधत बसू नका. पण रात्री उठायचं काम त्यांचं नाही, ते मुलाच्या वडिलांचं, हे निघायच्या आधी तोंडाने बोलून घ्या. न बोलता गृहीत धरलं की ते आपोआप घरातल्या वयस्कर बाईकडे जातं. नवऱ्यानेही त्याच्या ऑफिसात त्या दिवसापुरती रजा किंवा उशिराची परवानगी काढलेली असावी. तो "मदत" करत नाहीये, त्याची पाळी आहे.

पाचवी पायरी: संयोजकांना आधी लिहा

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण सगळे ऐकत वाढलो. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली. महाराजांनी साडीचोळी देऊन गौरव केला आणि तिथे बुरूज बांधला. बुरूज बांधला म्हणजे ती उतरायची वाट बंद केली, याकडे लहानपणी माझं लक्षच गेलं नव्हतं. गडाला ते करणं भाग होतं, परिषदेला नाही. परिषदेत कडा उतरण्याआधी दरवाजा उघडायला सांगून बघा. निदान माझ्या अनुभवात, दहापैकी आठ संयोजक उघडतात, फक्त त्यांना आधी कुणी विचारलेलं नसतं.

मी साधारण असं लिहिते, उचलून वापरा:

"आदरणीय समन्वयक महोदय/महोदया, माझा निबंध स्वीकारल्याबद्दल आभार. माझं मूल दीड वर्षाचं आहे. त्यामुळे तीन विनंत्या आहेत. माझं वाचन दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात ठेवता आल्यास मी एकच मुक्काम करू शकेन. माझ्यासोबत सासूबाई व मूल येतील, त्यांच्या निवास व भोजनाचे पैसे मी वेगळे भरेन. तळमजल्यावरची खोली मिळाल्यास बरं. सभागृहाजवळ दूध पाजण्यासाठी आतून कडी लागणारी एखादी खोली असल्यास कृपया कळवावं. कार्यक्रमात बदल झाल्यास या क्रमांकावर मेसेज करावा."

चार ओळींत काय हवं ते. मुलाच्या आजारपणाची, सासरच्या अडचणींची कहाणी नको. पैसे भरायची तयारी आधीच लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला अवघडल्यासारखं होत नाही. हे पत्र निबंध स्वीकारल्याच्या आठवड्यात गेलं पाहिजे, सत्रं लागल्यावर नाही. आतून कडी लागणारी खोली हे शब्द तसेच ठेवा. "व्यवस्था करू" असं उत्तर येऊन प्रत्यक्षात जिन्याखालची झेरॉक्सची खोली मिळाली, तिथे दर दोन मिनिटांनी शिपाई कागद न्यायला येत होता, असं झालंय.

रजेचं

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत परिषदा, उजळणी वर्ग वगैरेंसाठी शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा देता येते. अर्ज निमंत्रणपत्र आणि कार्यक्रमपत्रिका जोडून प्राचार्यांकडे द्या, जाण्यापूर्वी मंजुरी घ्या आणि परत आल्यावर हजेरीचं प्रमाणपत्र जोडा. बदली तासिका कोण घेणार तेही अर्जातच लिहा. मुलासाठी हाताशी ठेवलेल्या किरकोळ रजा परिषदेत घालवू नका. जून-जुलैत मूल पाळणाघरातून सर्दी घेऊन आलं की त्या लागतात.

तासिका तत्त्वावर असाल तर यातलं काहीच तुम्हाला लागू होत नाही. तास घेतला नाही की त्याचे पैसे नाहीत. नोंदणी शुल्क, प्रवास आणि बुडालेले तास अशी बेरीज करून मगच हो म्हणा. अशा वेळी जवळच्या जिल्ह्यातली, रविवारला जोडून आलेली एक परिषद लांबच्या तीन परिषदांपेक्षा बरी.

सहावी पायरी: मूल न्यायचं की ठेवायचं

नियम नाही, माझा अंदाज सांगते. सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावर पिणारं बाळ असेल तर सोबत न्या, आणि सोबतीला एक मोठं माणूस न्याच. एकटीने बाळ घेऊन निबंध वाचायचं धाडस करू नका. आठ ते अठरा महिने हा आई दिसेनाशी झाली की रडण्याचा काळ, पण नवी जागा, नवं पाणी, नवी माणसं यांनी ते आणखी बिथरतं. घरी पक्कं माणूस असेल तर ठेवलेलं बरं. दोन ते चार वर्षांचं मूल प्रवासात सगळ्यात अवघड आणि परिषदेत सगळ्यात मजेदार. माझीने एका सत्राध्यक्षांची घंटी पळवली होती.

ठेवून जाणार आणि अंगावर पाजत असाल तर दूध काढण्याचा सराव तीन-चार आठवडे आधी सुरू करा. काढलेलं ताजं दूध खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांपर्यंत, चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. सोलापूरच्या मार्चमध्ये २५ अंश कुठले? काढलं की सरळ फ्रिज. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड पेटीत ते २४ तास राहतं, म्हणून परत येताना फेकून देण्याची गरज नाही. एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. परिषदेतही दर तीन-चार तासांनी काढावं लागतं, नाहीतर छाती दगड होते आणि ताप भरतो. हे कुणी सांगत नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात. काही स्वच्छ असतात, काहींना कुलूप असतं, किल्ली आगारातल्या खिडकीवर मागायची.

नेणार असाल तर प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण बर्थही नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, हवा असेल तर पूर्ण. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, तेव्हा निबंध स्वीकारल्याचं पत्र येण्याची वाट बघत बसलात तर खालचा बर्थ गेलाच. तिकीट काढून ठेवा, नाही जमलं तर रद्द करा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मंच तिकीट आहे, त्यामुळे सासूबाईंना सोबत नेण्याचा खर्च वाटतो तेवढा नसतो. विमानात दोन वर्षांखालच्या मुलाचा जन्मदाखला बरोबर ठेवा.

मुक्कामाला विद्यापीठाचं अतिथीगृह मिळालं तर फोन करून तीन गोष्टी विचारा: गीझर चालतो का, जमिनीवर घालायला जास्तीची गादी आहे का, आणि रात्री अकरानंतर फाटक उघडतात का. पलंगावरून मूल पडण्यापेक्षा गादी खाली बरी. पाणी उकळायला छोटी विजेची किटली घरूनच न्या. सोबत आलेल्या माणसाचाही विचार करा. सासूबाई दोन दिवस एका खोलीत बसून कंटाळल्या होत्या आणि त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी मी मुक्कामाचं गाव बघून त्यांच्यासाठी देवळाचा रस्ता आणि रिक्षावाल्याचा नंबर काढून दिला, जेवणाच्या सुट्टीत त्यांना मंडपात बोलावून घेतलं. परिषदेतली त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे बुंदीचे लाडू.

प्रत्यक्ष दिवशी

पहिल्या परिषदेत माझं वाचन साडेअकराला होतं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं, सत्रं एकत्र केली, आणि पावणेपाचला माझं नाव पुकारलं. मधल्या पाच तासांत मी खोली आणि सभागृह यांमध्ये सात चकरा मारल्या. निबंध वाचताना साडीवर दुधाचे डाग होते.

हे टळत नाही, पण हाताळता येतं. सकाळी पोचल्याबरोबर सत्राध्यक्षांना आणि सत्राच्या समन्वयकांना भेटा, परिस्थिती एका वाक्यात सांगा आणि क्रम पहिला किंवा दुसरा मागा. नंबर द्या, बदल झाला तर मेसेज करायला सांगा. जास्तीचा एक कुडता पिशवीत ठेवा, गडद रंगाचा, छापील. सादरीकरण पेनड्राइव्हवर, मेलवर आणि फोनवर. वाचन झाल्यावर लगेच उठून जाणं वाईट दिसतं, पण मूल खोलीत असेल तर अध्यक्षांना आधी सांगून शेवटच्या खुर्चीवर बसा. प्रश्न विचारणाऱ्याला तुमचा मेल द्या. चांगली चर्चा बहुतेक वेळा आठवड्यानंतर मेलवरच होते.

घरी फोन किती वेळा? मी आता दोनदाच करते, आणि झोपायच्या वेळी व्हिडिओ कॉल कधीच नाही. शांत झालेलं मूल स्क्रीनवर आईला बघून पुन्हा रडतं, मग तिकडचा माणूसही वैतागतो. सकाळी, खाणं झाल्यावर करा.

ऑनलाइन सहभागाची सोय असेल तर मोह होतोच. पण घरी बसून परिषद ऐकणाऱ्या बाईला घरात कुणी बाहेर गेलेली मानत नाही. कुकरची शिट्टी तुम्हीच मोजायची. ऑनलाइनच करायचं असेल तर लॅपटॉप घेऊन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसा.

परदेशातल्या परिषदेबद्दल दोनच गोष्टी. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तुमच्या दहा वर्षांच्या भरवशावर राहू नका. आणि नोंदणीच्या अर्जात मुलांच्या देखभालीसाठी अनुदान किंवा तिथेच पाळणाघर आहे का ते शोधा. बऱ्याच मोठ्या संघटना ते देतात, पण मुदत नोंदणीच्या मुदतीआधी संपलेली असू शकते.

परतताना

सहभागाचं प्रमाणपत्र समारोपानंतर मिळतं असं सांगतात. दुपारी चारला कार्यालयात जाऊन गाडीची वेळ सांगा, बहुतेक वेळा ते सही करून तयारच असतं. प्रवासभत्त्याचा अर्ज, तिकिटांच्या मूळ प्रती आणि बँकेचा तपशील तिथेच देऊन या. घरी आल्यावर तो कागद कपड्यांच्या ढिगाखाली जातो आणि ३१ मार्च उलटून जातो.

दुसऱ्या दिवशी तास घेऊ नका, शक्य असेल तर. मूल पहिल्यांदा जवळ येणारच नाही, तोंड फिरवेल, आजीच्या कडेवरून तुमच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघेल. ओढून घेऊ नका. बॅग उघडून जमिनीवर बसा आणि सामान काढत राहा. माझी मुलगी तासाभराने गळ्यातलं परिषदेचं ओळखपत्र ओढायला आली, आणि ते तोंडात घालून माझ्या मांडीवर बसली.